पोहरा आपला, पानी कंपनीचं

माझी शाळा तिसरीपर्यंत. सही येते. सही येते म्हनूनच पुढचं सगळं झालं.

लेकीला नवऱ्याने टाकली तेव्हा ती माझ्याकडं आली. बरोबर एक पिशवी आनि लग्नाआधी केलेला कॉम्प्युटरचा क्लास, एवढंच. मी तेव्हा वालीवच्या बाजूला चाळीत राहायची. मिठागरातलं काम सुटून बरीच वर्षं झालेली, गुडघे मात्र तिथंच राहिले. लेकीचा बाप त्याच्याही आधी गेला. दोघी बाया आनि एक खोली.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, घरोघरी नेट नव्हतं तेव्हाची. लेकीने खोलीच्या पुढच्या अंगाला टेबल टाकलं, त्याच्यावर एक जुना कॉम्प्युटर ठेवला आनि गेमच्या मशीन दुरुस्त करायला लागली. टीव्हीला जोडून खेळतात त्या मशीन. कुनाचा भाऊ आखातात, कुनाचा नवरा बोटीवर, ते तिकडून आनायचे. एव्हरशाईन सिटीतल्या, मोठ्या बिल्डिंगांतल्या बाया रिक्षाने यायच्या, मशीन टॉवेलात गुंडाळून, तापलेलं पोर आनावं तशी.

दुखनं बहुतेक एकच असायचं. नवीन सीडी घातली की मशीन अडायची, म्हनायची आधी मला नवीन करा. मशीन बनवनाऱ्या कंपनीकडून काहीतरी यावं लागतं, त्याला अपडेट म्हनतात. ते यायचं नेटवरून. लेकीकडं नेट होतं, फोनच्या वायरीतून. आनि कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम होता. तो कंपनीचा नाय. परदेशात कोन्या हौशी मानसाने घरी बसून बनवला आनि फुकट वाटला. तो प्रोग्राम कंपनीच्याच जागेवर जायचा, तिथलं अपडेट ओढून आनायचा. लेक ते मशीनच्या मेमरी कार्डावर घालायची आनि कार्ड मशीनला लावायची.

मी एकदा विचारलं, "कंपनीला ठाऊक हाय का गं?"

"आई, त्यांनी उघड्यावर ठेवलंय. मागेल त्याला मिळतं."

"मग तुझ्या कॉम्प्युटरसाठी त्यांनीच प्रोग्राम का नाय दिला?"

"त्यांना वाटतं मशीननेच येऊन घ्यावं."

"आनि जातेस तू."

"मी जाते. मशीनला रस्ता माहीत नाही ना."

मी हसले. जास्त खोलात गेले नाय. ती दार उघडं टाकून काम करायची, रस्त्यावरच्या मानसाला सगळं दिसायचं. चोरी करनारा आधी दार लावतो, एवढं मला कळत होतं.

आमच्या शेजारी एक जन नकली सीड्या विकायचा. त्याच्यावर धाड पडली, भर दुपारी. त्याच्या गोन्या भरून झाल्या तेव्हा हवालदाराची नजर आमच्या टेबलावर आली. एव्हरशाईनच्या एका बाईची मशीन लावलेली होती. टीव्हीवर हिरवी पट्टी अर्धी भरलेली.

लेक म्हनाली, "साहेब, पाच मिनिटं थांबा. अर्ध्यात बंद केली तर मशीन मरेल."

"मरू दे. तुझी आहे का?"

"माझी नाही, म्हणून तर सांगते."

त्याने प्लग ओढला. कॉम्प्युटर उचलून गाडीत घातला. मशीन राहिली टेबलावर, टॉवेलासकट. नंतर लेकीने ती परत लावून बघितली, तर दिवासुद्धा लागला नाय.

चौकीत आमाला तीन दिवस बोलावलं. बाकावर बसायचं, चार वाजले की उद्या या म्हनायचे. तिसऱ्या दिवशी साहेबाने आत घेतलं. तरना साहेब होता, बोलायला वाईट नव्हता. त्यालाही या भानगडीचा कंटाळा आलेला दिसत होता.

"तुम्ही कॉपी विकत होता का, एवढंच सांगा."

लेक म्हनाली, "नाही साहेब. गेमच्या सीड्या लोकांच्या असली असतात. मी फक्त अपडेट घालून देते. ते कंपनीच्याच जागेवरून येतं, आणि कंपनीच्याच मशीनमध्ये जातं."

"कंपनीने सांगितलं, तुम्ही घ्या म्हणून?"

"घेऊ नका म्हणूनही कोणी आलं नाही."

"त्यांच्या कागदावर लिहिलंय म्हणे, आमच्याच मशीनने घ्यायचं."

"तो कागद मशीनच्या पडद्यावर इंग्रजीत येतो, साहेब. त्याच्यावर हो दाबल्याशिवाय मशीन चालत नाही. सगळे हो दाबतात."

साहेबाने पेनाला टोपन लावलं. आता वाटतं, तो तसाच सोडनार होता. लेकीने मला घरातून निघताना सांगितलेलं, आई तू काही बोलू नको. पन मला राहवलं नाय. मला वाटलं, या मानसाला प्रोग्रामातलं कळत नाय, विहिरीतलं तरी कळेल.

मी म्हनाले, "साहेब, आमी मिठागरातल्या बाया. तिथं सगळं पानी खारं. जवळ एका वाडीवाल्याची गोड्या पान्याची विहीर होती. पानी न्यायला त्याची ना नव्हती. फक्त म्हनायचा, माझ्याच पोहऱ्याने काढा, तुमचा पोहरा माझ्या विहिरीत नको. त्याचा पोहरा कधी जाग्यावर असायचा, कधी घरात ठेवून दार लावून घ्यायचे. मग आमी आपला डबा आपल्या दोरीला बांधून सोडायचो. पानी त्याचंच. तहान आमची. भर दिवसा, त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत. याला कोनी चोरी म्हनेल का? हिने तेच केलंय."

साहेब हसला. मला बरं वाटलं.

मग तो लिहायला लागला. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता. मालकाची अट माहीत असून, स्वतःच्या साधनाने, मालकाला न विचारता काढून घेत होतो, असे आईने सांगितले. मला म्हनाला, "आजी, सही येते की अंगठा?"

मी म्हनाले, "सही येते." आनि केली. लेक माझ्याकडं बघत राहिली. रिक्षात बसल्यावर म्हनाली, "अट माहीत होती, हे मी सांगितलंच नव्हतं, आई."

कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतात तसल्या एका म्हाताऱ्या वकिलाला तो कागद दाखवला. त्याला विचारलं, हे कायद्यात बसतं की नाय? तो म्हनाला, "बाई, मलाच माहीत नाही. प्रोग्राम चोरीचा नाही, अपडेट फुकट आहे, मशीन गिऱ्हाइकाची आहे. तरी कंपनी नको म्हणते. असल्या गोष्टीचा निवाडा मी तरी वाचलेला नाही. पण आजींनी विहीर काढायला नको होती."

कॉम्प्युटर चौकीत अडकला. लेक वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. दिवसभर उभं काम. घरी आली की पाय परातीत बुडवून बसायची, जशी मी मिठागरातून येऊन बसायची. त्या परातीकडं बघायला मला जड जायचं. ती मला कधी टाकून बोलली नाय. फक्त रेशनच्या नाहीतर बँकेच्या खिडकीवर मी तोंड उघडलं की पाठीमागून हळूच म्हनायची, "आई, विहीर नको."

तीन पावसाळे गेले. सीडीवाल्याचं प्रकरन मिटलं, त्याच्या पोटात आमचंही मिटलं. हे बरोबर की चूक, ते कुनी कोर्टाला विचारलंच नाय. चौकीत कॉम्प्युटर न्या म्हनाले, पन एक कागद पुढं केला. तो प्रोग्राम परत वापरनार नाय, असं त्यात होतं. लेकीने माझ्याकडं बघितलं.

मी म्हनाले, "कर सही."

"चोरी केली असं होईल ना, आई?"

"होऊ दे. डबा तरी परत मिळेल."

तिने सही केली.

कॉम्प्युटर घरी आनला, फडक्याने पुसला, लावला. चालू झाला, मलाच खरं वाटेना. तो प्रोग्राम होता तिथंच होता. एव्हरशाईनच्या त्या बाईची मशीन आमच्या पेटीत टॉवेलात गुंडाळलेली. बाई एकदा येऊन बघून गेली होती, घेऊन गेली नव्हती. लेकीने मशीन काढली, टेबलावर ठेवली, खोलून बघितली. वाटलं, आता लावेल.

"होईल का गं जिवंत?"

"त्या प्रोग्रामने अपडेट परत आणून अर्धं राहिलेलं पुरं केलं तर होईल कदाचित."

"मग कर. कोन बघतंय."

"सही केलीय, आई."

तिने तो प्रोग्राम पुसून टाकला. दार तेव्हाही उघडंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर मी मशीन घेऊन एव्हरशाईनला गेले. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढले, दोन ठिकानी बसले. बाईने दार उघडलं, आधी ओळखलंच नाय.

"दुरुस्त नाय झाली, बाई."

"अहो आजी, आम्ही कधीच दुसरी घेतली. ठेवा तुम्हालाच. भंगारात तरी द्या."

मी म्हनाले, "आमची नाय ती."

तिच्या उंबऱ्याच्या आत ठेवली, टॉवेल घडी करून वर ठेवला, आनि जिना उतरायला लागले.