ग्लासांच्या सेटची पावती

सासऱ्यांना मी सांगितलं होतं, की माझी नोकरी सरबतांच्या कंपनीत आहे. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आम्ही आखातात, अल मनखूल भागात दोन खोल्यांत राहत होतो आणि मी काम करत होते दारू पुरवणाऱ्या एका कंपनीत. बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, धाकटा भाऊ दारूपायी गेला होता. त्यांच्यासमोर त्या विषयाचा उल्लेखही करायचा नाही, एवढं एकच नवऱ्यानं मला लग्नानंतर बजावलं होतं.

माझं काम नोंदींचं. आमचे सेल्समन परवाना असलेल्या दुकानांना प्रमोशनसाठी भेटी देत. ग्लासांचे सेट, ट्रे, बर्फाच्या बादल्या. कोणती वस्तू, किती, कोणत्या दुकानाला, कशासाठी दिली, हे सगळं रजिस्टरात चढवायचं. घेणाऱ्याची सही असलेली पावती जोडायची आणि ती काही वर्षं जपायची. भेट दुकानाला असते, दुकानातल्या माणसाला नाही, हा पहिला नियम. एखाद्या मॅनेजरला खूश करून आपलाच माल पुढे मांडून घेतला, असं कुणी म्हणायला नको म्हणून हा सारा खटाटोप.

सासूबाई गेल्या, त्या वर्षी बाबा आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले. साताऱ्याच्या कोर्टात आयुष्यभर रेकॉर्ड सांभाळलेला माणूस. नेमकं तेव्हाच आमचं ऑडिट आलं आणि एक पावती सापडेना. एका दुकानाला दिलेल्या चोवीस सेटची. माल ज्यानं उतरवून घेतला, तो स्टोअरकीपर नोकरी सोडून केरळला कायमचा परत गेला होता.

ते सेट देणारा सेल्समन माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, एक साइन ही तो है. मैं कर देता हूँ. खलास!"

माल खरंच पोचला होता, याची मलाही खात्री होती. तरी मी त्याला थांबवलं आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी सगळ्या फायली घरी आणल्या.

दुपारी मी जमिनीवर कागद पसरून बसले होते. बाबा शेजारी येऊन टेकले. "सरबताच्या एवढ्या पावत्या?"

माझी सात वर्षांची मुलगी चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आजोबा, इट्स नॉट सरबत. इट्स व्हिस्की."

बाबा उठून आतल्या खोलीत गेले. चहा नेला, तो त्यांनी घेतला नाही. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तुम्हाला त्रास होईल म्हणून बोलले नाही."

ते उठले, चष्मा लावत बाहेर आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. "काय हरवलंय?"

मी सगळं सांगितलं, सेल्समन काय म्हणाला तेही. दोघांनी मिळून एकेक कागद उलटून पाहिला. पावती नव्हतीच.

"मग तसंच लिही," बाबा म्हणाले. "पावती मिळाली नाही. कुठे कुठे शोधली, कोणाला विचारलं, ते लिही. खाली आजची तारीख घाल आणि सही कर. कोर्टात आम्ही हेच करायचो. कागद हरवला म्हणून कुणाला फासावर देत नाहीत गं."

मी लिहायला लागले. ते वाकून माझं अक्षर बघत होते. मग हळूच म्हणाले, "ऑफिसात इतकं खरं लिहितेस, आणि मला मात्र सरबत पाजलंस."

मला एकदम रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलीला म्हणाले, "आईला पाणी दे."

ऑडिटरनं ती नोंद दोनदा वाचली, दुकानात फोन लावून शहानिशा केली आणि पान उलटलं. पावती वेळेवर जमा न केल्याबद्दल सेल्समनला समज मिळाली. माझ्याशी तो आठवडाभर बोलला नाही, मग आपणहून चहा घेऊन आला.

ऑडिट संपलं त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना निकाल सांगितला. ते नुसते हसले. संध्याकाळी आम्ही खाली फिरायला गेलो, तेव्हा ते पहिल्यांदाच भावाविषयी बोलले. तो बासरी किती सुरेख वाजवायचा. पहिल्या पगारातून त्यानं बाबांसाठी सायकल आणली आणि स्वतः पायीच कामावर जात राहिला. "शेवटची दोन वर्षंच वाईट होती," ते म्हणाले, "पण घरात सगळ्यांना तेवढीच आठवतात. मीही त्याचं नाव घ्यायचं सोडलं." मी त्यांचा हात धरला. मशिदीत अजान सुरू झाली, दुकानांचे दिवे लागले, आणि आम्ही आणखी एक फेरी मारली, कारण बाबांना त्याच्याविषयी अजून खूप सांगायचं होतं.