किल्ल्या कुणाच्या हाती द्यायच्या

मनोरुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डातल्या मावशी भारी फटकळ. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा "थांबा, फरशी ओली आहे" म्हणून दारातच दटावायच्या. पण हल्ली त्या सगळ्यांशी गोड बोलत होत्या. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं, तिला सासू नाही, सगळी भिस्त आईवर. रजा मिळाली नाही तर पोरीचं कसं व्हायचं, या विचाराने मावशींना घास गिळवत नव्हता.

किल्ल्या दुसरीच्या हातात दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हा तिथला नियम. आणि दुसरी टिकेल तर ना! ठेकेदार कुणालाही धरून आणायचा आणि थेट आत ढकलायचा. "निदान चार दिवस माझ्याबरोबर राहू द्या," मावशी म्हणाल्या, तर तो हसला. "फरशी पुसायला कसलं आलंय शिक्षण?" मेल्याने वॉर्ड कधी आतून पाहिला असेल तर शपथ!

शेवटी एक नवी आली. चुणचुणीत होती. केसांचा अंबाडा घाल, ओढणी नको, कुणाकडे पाठ करू नको, असं सगळं मावशींनी भराभर सांगितलं, किल्ल्या दिल्या आणि पिशवी उचलली. गाडीच्या घाईत एक सांगायचं राहूनच गेलं. खिडकीजवळच्या ताई चिंध्यांचं गाठोडं छातीशी धरून बसायच्या. ते धुवायचं झालं, तर आधी विचारायचं, "बाळाला आंघोळ घालू का?" मग त्या हसत द्यायच्या.

नवीने ते मळकं गाठोडं ओढून बादलीत बुडवलं.

मावशी फाटकापर्यंत पोचल्या होत्या. किंकाळी ऐकून त्या तशाच मागे धावल्या. नवीच्या ओठातून रक्त येत होतं. "नको मला ही नोकरी!" म्हणत तिने किल्ल्या फेकल्या आणि निघून गेली. तिला तरी काय बोल लावायचा? ताई गाठोड्याच्या पाठीवर थापट्या मारत होत्या, "श्वास घे रे, श्वास घे." चूक आपली, हे मावशींना कळत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. "आई, बसलीस का गाडीत?"

"नाही गं बाळा. इथे कुणीच नाही... उद्या बघते, नक्की..."

"राहू दे, आई. मी शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलंय."