दोन्ही डोळे एकाच बाजूला

नातू पार दक्षिणेकडच्या गार समुद्रात मासेमारीच्या जहाजावर हाय. परवा त्यानं मोबाईलवर एका चपट्या माशाचा फोटो धाडला, आपल्या लेप्यासारखाच, आणि मला कोरेगावचा बाजार आठवला. लय वर्षं झाली. कोकणातली एक मावशी तिथं टोपलीत बर्फ घालून मासं विकायची. आमी नदीचं मासं खाणारी माणसं. आमच्या हिनं टोपलीतला लेपा उचलला, उलटा केला आणि भडकली. वरनं तपकिरी, खरबरीत, दोन्ही डोळे तिकडंच. खालनं पांढराफेक, एकबी डोळा न्हाई. "आवं मावशी, मासा मधनं चिरून अर्धाच विकताय व्हय?" मावशी हसली. "बघ की, दोन्हीकडं कल्ला आहे, कडेनं सगळे पर आहेत. अख्खा आहे बाय. हा पांढऱ्या अंगावर वाळूत निजतो." हिला चूक कळली, पण ही हलंना. त्याचं वाकडं तोंड बोटानं चाचपत म्हणाली, "मग जन्मतानाच डोळे असे असत्यात का?" "त्याचं बाळंतपण मी केलंय काय?" मावशी म्हणाली, आणि आजूबाजूची माणसं हसली. मला लाज वाटली. "गप बस, चल," म्हणत मी हिला दंडाला धरून ओढलं. घर येईस्तोवर ही माझ्या चार पावलं मागनंच चालली. परवा नातवाला मी तेच विचारलं. तो म्हणाला, "आबा, पिल्लाला दोन्हीकडं एकेक डोळा असतो. वाढताना एक सरकत दुसऱ्या बाजूला जातो." ही जाऊन सहा महिने झाले. ही असती तर एवढ्यावर थांबली नसती. म्हणून मीच विचारलं, "आणि रं, सरकताना त्या डोळ्याला दिसतं का?"