गोमाजीदादाच्या हातातले तीन एक्के

आमच्या वाडीत गणपतीचे पाच दिवस पत्ते चालतात. दुपारची जेवणं उरकली की गोमाजीदादाच्या पडवीत चटई पडते आणि मुंबईहून आलेली भावकी तीन पत्तीला बसते. मी चंदू, गोमाजीदादाचा चुलत भाऊ. वर्षभर वीर स्टेशनवर रिक्षा चालवतो आणि गणपतीत या माणसाला पैसे हरतो. बावीस वर्षं हरतोय. एवढ्या वर्षांत एखाद्या म्हशीलाही अक्कल आली असती.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला तीन पानं मिळतात. वाटण्याआधी सगळ्यांनी दहा-दहा रुपये मधे टाकायचे, त्याला बूट म्हणतात. मग ज्याला पानं बरी वाटतात तो पैसे टाकत राहतो, बाकीचे पानं टाकून बाहेर पडतात. तीन एक्के आले तर त्याच्यावर काही नाही. पण खरा घोळ तिथेच आहे. तुमच्याकडे भारी पानं आहेत याचा नुसता वास आला तरी सगळे पॅक करतात, म्हणजे पानं टाकून देतात, आणि तीन एक्के हातात धरून तुम्ही तो दीडदमडीचा बूट गोळा करत बसता. म्हणजे भारी पानं येणं हे नशीब, पण त्यांचं सोनं करणं ही वेगळी विद्या. ती दादाकडे होती.

साधी पानं आली की दादा हसतमुख असायचा, मस्करी करायचा, पटकन पानं फेकून द्यायचा. भारी आली की तोंड पडायचं. पोटात दुखतंय असं वाटावं असा चेहरा. पानं पुन्हा उघडून बघायची, चाल कोणाची म्हणून विचारायचं, आत हाक मारून येसूवैनीकडे पाणी मागायचं, आणि मग नाइलाज झाल्यासारखी छोटीशी चाल टाकायची. स्वतः कधी वाढवायचा नाही. वाढवायचं काम समोरच्याला करू द्यायचा. एका वर्षी आमच्या राजेशकडे रंगाचा सिक्वेन्स आला, म्हणजे एकाच रंगाची ओळीची तीन पानं. राजेश परळला नोकरीला, स्वतःला फार शहाणा समजतो. तो प्रत्येक फेरीला दुप्पट करत गेला आणि दादा प्रत्येक फेरीला, "जाऊ दे, एक डाव आणखी बघतो," म्हणत राहिला. शेवटी दादाने तीन गुलाम उलटे केले तेव्हा राजेशच्या परतीच्या भाड्याचेसुद्धा वांधे झाले. दादा हसला नाही. नोटा सरळ करून कमरेला लावल्या आणि म्हणाला, "वाटा रे पुढचा."

मी एकदा त्याला विचारलं, एवढं कसं जमतं. तो म्हणाला, "चंदू, तोंडातून काढलंस की किंमत संपली. समोरच्याला बोलू दे. तोच वर चढतो." मला ते फार मोठं वाटलं तेव्हा. मी मूर्ख.

आता दिशाचं सांगतो. दिशा ही दादाची एकुलती एक पोर. लॅबचा कोर्स करून महाडला एका लॅबमध्ये रक्त तपासायला लागली. तिथेच तिची तुडीलच्या ओमशी ओळख झाली. ओम एका कंपनीत पर्मनंट, स्वतःचं घर, मुलगा निर्व्यसनी. दोघांचं ठरलं होतं, पण आमच्याकडे अशी गोष्ट घरात थेट सांगत नाहीत, म्हणून ओमच्या बापाने, भिकाजीने, दिवाळी झाल्यावर रीतसर मागणी घातली.

आज आमच्या भागात मुलींचे बाप राजे आहेत. तीस-पस्तिशीचे मुलगे बिनलग्नाचे फिरतात, त्यांचे बाप दारोदार पायऱ्या झिजवतात. त्यात नोकरीवाली मुलगी. म्हणजे दादाच्या हातात तीन एक्केच होते. येसूवैनीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "भावजी, ह्यांना पण पोरगा आवडलाय. काल झोपताना माझ्याजवळ बोलले." मी खूश होतो. मला वाटलं, अर्ध्या तासात सुपारी फुटणार.

भिकाजी आला, सोबत त्याचा मेहुणा, ओम आणि दोन बायका. पोहे झाले. दिशा येऊन बसून गेली. भिकाजीने मुलाच्या बापाला न शोभेल इतकी हात जोडून भाषा केली. लग्न आमच्या खर्चाने, तुम्ही फक्त मुलगी द्या, नोकरी करायची तर करू दे. पिशवीत साडी आणि नारळ घेऊनच आला होता, मला वरून दिसत होतं. आणि दादाचं तोंड पडलं. मी ते तोंड ओळखलं. दादाने पाण्याचा तांब्या मागवला, दोन घोट प्याला, आणि म्हणाला, "एकट्याचं काम नाय हे. शिमग्याला भावकी मुंबयसून येल, तिला विचारतो नि सांगतो."

शिमग्याला चार महिने होते. भावकीला विचारायचं असतं हे खरं, पण त्यासाठी फोन असतो, आणि राजेशने फोनवर कधी नाही म्हटलं असतं का? भिकाजीने पिशवी उचलली. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. गाडीचं दार धरून भिकाजीने मला विचारलं, "चंदू, तू घरातला माणूस. त्यांच्या मनात काय हाय ते तरी सांग. नसल तर नाय म्हणा, आमी वाईट मानणार नाय."

मला माहीत होतं. दादाला मुलगा पसंत होता हे मला माहीत होतं. पण दुसऱ्याच्या हातातली पानं सांगायची नाहीत हे इतकं हाडात मुरलेलं की मी म्हणालो, "मला काय ठाऊक, मी बाहेरचा." असलं घाणेरडं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

परत येऊन मी दादाला धरलं. "काय चाललंय तुझं? होय म्हणून टाक की." तो गोठ्यात होता, शांतपणे गाईला पेंढा टाकत होता. म्हणाला, "खर्च ते करतायत, बरोबर? अजून चढतील. घराच्या उताऱ्यावर पोरीचं नाव लावतील. उद्या काय झालं तर तिला कोणी बाहेर काढता नाय आलं पायजे." मी म्हटलं, मग ते तोंडाने माग. "मागितलं तर ते घासाघीस करतील. त्यांनी आपणहून बोललं पायजे." पोरीसाठीच करत होता हो तो. म्हणूनच जास्त राग येतो.

दिशा दुसऱ्या दिवशी माझ्या रिक्षात बसली. महाडला उतरताना म्हणाली, "काका, मला उतारा नको, मला ओम पाहिजे. बाबांना सांगा, खेळवू नका म्हणावं." मी सांगितलं. भिकाजीने मधे घातलेल्या मध्यस्थाचा फोन आला, दादाने उचलला नाही. दुसऱ्यांदा आला, तेव्हाही मुद्दाम वाजू दिला. पौषात तिसऱ्यांदा आला, तेव्हा उचलून म्हणाला, "शिमग्याला बघू."

बावीस वर्षं त्याच्यासमोर बसून मला जे कळलं नाही ते मला तेव्हा कळलं. पत्त्यात माणूस थांबतो कारण त्याचे पैसे मधे पडलेले असतात, उठून जायला जीव होत नाही. भिकाजीने मधे काय टाकलं होतं? गाडीचं पेट्रोल आणि एक दुपार. माघात ओमचं लग्न झालं, नात्यातल्या एका मुलीशी. दिशाने सांगितलं की ओम चार दिवस लॅबच्या बाहेर येऊन उभा राहत होता, घरच्यांशी भांडला पण होता. "पण तो तरी घरच्यांना किती दिवस सांगणार, काका, की माझ्या बाबांना तो पसंत आहे? बाबा ते कधी बोललेच नाहीत." ती रडली नाही. मी रिक्षा बाजूला लावून रडलो, ते तिने बघितलं आणि मलाच पाण्याची बाटली दिली.

शिमग्याला भावकी आली. विचारायला काही उरलं नव्हतं. आणि त्यानंतर दारात कोणी येईना. मुलगे पुष्कळ होते, पण सगळीकडे एकच बोलणं, गोमाजीकडे जाऊ नका, तो खेळवतो. कोणी म्हणे, तुडीलच्या मुलाशी तिचं होतं म्हणे काहीतरी. दादा वाळत चालला. येसूवैनीशी बोलायचा नाही, दिशासमोर बसायचा नाही. गणपतीत चटई पडली तेव्हा गुरं बघतो म्हणून रानात निघून गेला.

यंदा वैशाखात पोलादपूरकडून एक स्थळ आलं. सदू नावाचा, एक्केचाळीस वर्षांचा, बायको वारलेली, आठ वर्षांची मुलगी. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मला काय माहीत. तो आणि त्याचा भाऊ पडवीत येऊन टेकले, मी शेजारी. सदूच्या भावाने नुसतं तोंड उघडलं, "आमी असं म्हणत होतो की..."

"पसंत हाय," दादा म्हणाला.

तो भाऊ दचकला. वाक्य त्याचं अर्धंच राहिलं होतं. दादा उठला, देवासमोरचा नारळ उचलला आणि सदूच्या हातात दिला. "आमच्याकडनं होय. काय मागणं नाय, काय अट नाय. भावकीला पण विचारायचं नाय."

दिशा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली तेव्हा नारळ सदूच्या मांडीवर होता. तिने नारळ बघितला, सदूला बघितलं, मग बापाकडे बघितलं. मी इतकी वर्षं दादाचा चेहरा बघतोय, पण त्यावर सगळं लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं. पोरीने शाबास म्हणावं म्हणून तो तिच्याकडे बघत होता.

"या खेपेला मी उशीर नाय केला गो," तो म्हणाला.

दिशाने ट्रे खाली ठेवला आणि पाहुण्यांना चहा दिला.