व्याह्यांची पांढरी गाडी

आमच्या ह्यांचं नाव जुमाकादिर. उभा जन्म डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवण्यात गेला. आता घरी बसून आराम करावा, तर तेही नशिबात नाही. आमच्या कोचकोर गावात कुणी जुनी गाडी घेतली आणि ती बिघडली, की घेणारा-विकणारा दोघंही भांडत आमच्याच दारात. हे इंजिन ऐकतात आणि कुणाचं खरं ते सांगतात. चहा मात्र मी करायचा.

या खेपेला आला मेदेर. घोड्या विकून त्यानं जुनी पांढरी वोल्गा गाडी घेतली होती, लग्नात नवरा-नवरीला मिरवायला भाड्यानं द्यायची म्हणून. आठवड्यातच ती धूर ओकायला लागली. आणि विकणारा कोण? ओमुर्झाक, आमचे व्याही! आमची आयपेरी त्यांच्या घरात दिलेली.

"काका, बघायला गेलो तेव्हा इंजिन गरम होतं," मेदेर म्हणाला. "वर लोकरीचा जाड नमदा पांघरलेला. मला वाटलं, माणूस गाडीला जपतोय."

"थंडीत नमदा कोण घालत नाही रे? तुझा बाप नव्हता घालत?" व्याही फणकारले. "माझ्या घरी चहा ढोसलास, म्हाताऱ्यांचा आशीर्वाद घेतलास, सौदा पक्का झाला. आता कसली रडारड?"

"गाडी आजची रात्र माझ्या अंगणात राहू दे," हे कंटाळून म्हणाले. "नमदा काढा. सकाळी गार इंजिन सुरू करू."

संध्याकाळी आयपेरीचा फोन. "आई, बाबांना म्हणावं, काही बोलू नका. मला याच घरात दिवस काढायचेत गं."

मी ह्यांच्यापुढे हात जोडले. "एवढ्या एका वेळी म्हणा ना, की मला कळत नाही!"

ह्यांनी नुसते डोळे चोळले. "दमलोय गं मी," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

सकाळी अंगण गोठलेलं. मेदेरनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, खडखडलं, आणि निळ्या धुरात शेजाऱ्यांची भिंत दिसेनाशी झाली.

"बोला व्याहीबुवा," ओमुर्झाक म्हणाले. "नातं लक्षात ठेवून बोला."

"इंजिन आधीच गेलेलं होतं. तुम्ही ते गरम करून दाखवलंत. गाडी परत घ्या."

मी रोटीचं ताट घेऊन धावले. "निदान तुकडा तरी मोडा हो!" आमच्यात हाडवैरीसुद्धा रोटीला हात लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. व्याह्यांनी ताटाकडे बघितलंही नाही.

गाडी त्यांनी परत घेतली. मिळालेल्या पैशांत मेदेरनं घोड्याही परत विकत आणल्या. पण नवरोझच्या सणाला सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या, आमची नाही आली. फोन केला की सासू उचलते. "कामात आहे," म्हणते आणि ठेवून देते.

परवा मेदेर दारात उभा. हसरा चेहरा, दोरीला गलेलठ्ठ मेंढा. "काकी, काकांच्या उपकाराची फेड म्हणून..."

माझा तोलच गेला. "मेला तुझा मेंढा! ने तो परत! आणायचीच असेल तर माझी लेक आणून दे!"

पोराचा चेहरा खर्रकन उतरला. मी ह्यांच्याकडे वळले. वाटलं, आता तरी ओरडतील माझ्यावर. ते पायरीवर बसले होते, आणि लहान मुलासारखे रडत होते.