सव्वाअकराची बस आणि गणिताचा तास

आमच्या संस्थेच्या अहवालात एक वाक्य आहे: ‘ग्रामीण मुलींमध्ये गणिताविषयी भीती आढळते.’ ते मीच लिहिलंय, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर बसून. यंदा त्यावर उपाय सुचवायचा होता. म्हटलं, एकदा ती भीती बघून तरी येऊ.

नागपूरहून सकाळच्या एसटीनं रामटेक दीडेक तास. रस्त्याबद्दल तक्रार नाही. स्टँडबाहेर तर्री-पोहे जरूर खा, पाण्याची बाटली आधीच हाताशी ठेवून. तिथून गावाकडची बस घेतली. धानाच्या बांध्यांमधून ती इतकी रमतगमत जाते, की डोळे निवतात. वाटेत सात-आठ शाळकरी मुली चढल्या. नववीतली रूपाली माझ्या शेजारी बसली.

“गणिताची भीती वाटते का गं?”

“भीती काहून वाटन? गणित आम्हाले भेटतच नाही, मॅडम. पहिलाच तास असते त्याचा. अन् ही बस पोहोचते सव्वाअकराले.”

शाळा साडेदहाची. आम्हाला वर्षभराच्या संशोधनात जे सापडलं नाही, ते कंडक्टरला रोज दिसत होतं.

शाळेत पोहोचताच मुख्याध्यापकांना म्हटलं, गणित तिसऱ्या तासाला घ्या.

“तसं नाही जमत, मॅडम. सकाळी डोकं ताजं असते.”

कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. गणिताचे सर कोपऱ्यात वह्या तपासत होते.

नागपुरात संस्थेच्या समितीपुढे मी हाच प्रस्ताव ठेवला, एका ओळीचा. गार हॉल, वाटीत काजू. एका सदस्यांनी विचारलं, “याला सैद्धान्तिक आधार काय?” दुसऱ्या बाई हसल्या, “तास बदलायचा, एवढंच? याला सुधारणा म्हणायचं?” मी चिडून बस, वेळ, मुली असं सगळं पुन्हा सांगितलं. मग ठरलं: मुलींसाठी आत्मविश्वास कार्यशाळा. ती झालीही. साडेदहाला सुरू, सव्वाअकराला चहा. बसच्या मुली चहाला पोहोचल्या.

परवा घरी भाजी निवडत होते, तेव्हा गणिताच्या सरांचा फोन आला.

“मॅडम, मी गणित तिसऱ्या तासाले घेऊन राहिलो. चित्रकलेच्या सरांसंग अदलाबदल केली. कागदावर जुनंच आहे. काल रूपालीनं फळ्यावर समीकरण सोडवलं.”

“आणि परवानगी?”

“मागितली असती तं भेटली नसती.”

मी निवडलेली मेथी पुन्हा देठांत मिसळून बसले, इतकी खूश झाले. नव्या अहवालात मात्र यातलं अक्षरही लिहिणार नाही. लिहिलं तर पहिली चौकशी सरांचीच होईल. रामटेकला तुम्ही जरूर जा. पुढच्या गावाचं नाव तेवढं मला विचारू नका.