फ्रीझरमधली बाई

मार्लिस कँगसला दुसऱ्यांच्या घरात डोकावायची हौस लहानपणापासूनची. तिची आईही तशीच होती. त्या काळी मिनेसोटातल्या नॉर्डेन लेक गावात सात-आठ घरांत मिळून टेलिफोनची एकच तार असायची. आई स्वयंपाकघरात रिसीव्हर कानाला लावून, आपला श्वाससुद्धा पलीकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने उभी राहायची. शेजारीण घटस्फोट घेणार ही बातमी शेजारणीच्या नवऱ्याच्या आधी यांच्या घरी पोचली होती. आईला गावाने चोंबडी म्हटलं. मार्लिसला मात्र त्याच गुणावर नोकरी मिळाली आणि दारावर पाटी लागली, 'माहिती व्यवस्थापक'.

नोकरी गावच्या वीज सहकारी संस्थेत. आपल्याकडे साखर कारखान्याचे सभासद असतात तसे तिथे विजेचे. मार्लिस आली तेव्हा सभासदांची माहिती लोखंडी कपाटांत होती. ती तिने एकटीने कॉम्प्युटरमध्ये भरली. संस्थेची पहिली वेबसाइटही तिनेच केली. त्यात वर कोपऱ्यात एक बल्ब उघडमीट करायचा. लोकांची डोकी दुखायला लागली तेव्हा तिने बल्ब काढून तिथे मूस उभा केला, आणि तो शिंगवाला प्राणी अजून तिथेच उभा आहे. मिनेसोटात मूसबद्दल कोणी तक्रार करत नाही. खरं म्हणजे कशाबद्दलच करत नाही. पाय मोडला तरी माणूस म्हणणार, "तसं बरं चाललंय."

मार्लिसच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी नुसत्या नोंदी नव्हत्या, तिच्या दृष्टीने ती खिडक्या उघड्या टाकलेली घरं होती. हा माणूस तर हिवाळाभर ॲरिझोनात असतो, मग त्याच्या गॅरेजमध्ये वीज कोण जाळतंय? ती फोन लावायची. पुतण्या तिथे अंडी उबवत होता. मॅनेजर गॉर्डन पेल्टोला म्हणायचा, "मार्लिस, तू पोलिसात असायला हवी होतीस."

"पोलिसांना लोकांची बिलं बघायला मिळत नाहीत," ती म्हणायची.

तिची आणखी एक खोड म्हणजे ती काहीही पुसून टाकत नसे. तिकडे घरोघरी गॅरेजमध्ये पेटाऱ्याएवढा फ्रीझर असतो. त्यात हरणाचं मटण, तळ्यातले मासे, दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातला केक, सगळं चिठ्ठी लावून ठेवलेलं. टाकायचं काही नाही, न जाणो कधी लागेल. मार्लिसने कॉम्प्युटरमध्येही तसाच एक कप्पा केला होता आणि त्याला नावही फ्रीझरच दिलं होतं. नको असलेली नोंद तिथे जायची. गॉर्डन तिची टर उडवायचा. "अगं, तुझ्या शिळ्या नोंदींचे आता वाढदिवस साजरे करायला हवेत."

एका गोष्टीत मात्र तिच्याशी थट्टा चालत नसे. सभासदांच्या यादीत तिने एक लाल ठिपका ठेवला होता. ज्यांच्या घरी श्वासाचं मशीन चालतं त्यांच्या नावापुढे तो लागायचा. वीज गेली की दुरुस्तीची गाडी आधी लाल ठिपक्यांकडे जाणार, मग दवाखाना, मग बाकी गाव. महापौराच्या नावापुढे ठिपका नव्हता आणि तो त्याने एकदा मागूनही पाहिला होता.

त्या शरद ऋतूत संस्थेने नवं सॉफ्टवेअर घेतलं. ते बनवणाऱ्या कंपनीची किंबर्ली नावाची बाई मिनिआपोलिसहून फोनवर सूचना द्यायची. पहिली सूचना अशी की खोटी माणसं काढा. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक चालतंय का हे बघायला एखादा बनावट सभासद घुसवतात आणि मग त्याला विसरतात. वर्षानुवर्षांच्या यादीत असे बरेच साचले होते. 'टेस्ट टेस्ट' होता. बोटं कळफलकावर नुसती आपटून तयार झालेला 'अस्दफ अस्दफ' होता. 'मला पुसा' नावाचा एक सभासद होता, त्याचा धंदा शेती.

आणि एक 'सॅम्पल, एक्झा एम.' होती. पत्ता एक नंबर, फर्स्ट अव्हेन्यू. जन्मतारीख एक जानेवारी. पुढे लाल ठिपकासुद्धा.

मार्लिस खुर्चीत मागे रेलून हसली. एक्झाम सॅम्पल! कुणा पोराला कंटाळा आला असणार आणि त्याने वेळ घालवला असणार. नाव नमुन्याचं, घर एक नंबरचं, तारीख पहिली, आणि ठिपका चालतो का बघायला ठिपका. ज्या बाईने अंडी उबवणारा पुतण्या शोधून काढला, तिने या एका नोंदीला फोन लावला नाही. विनोद आवडला की माणूस चौकशी करत नाही. एक्झा एम. सॅम्पल फ्रीझरमध्ये गेली.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं, बर्फ पडलं, थँक्सगिव्हिंगचा सण झाला. सगळं सुरळीत होतं, फक्त फर्स्ट अव्हेन्यूच्या डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, थोडी वीज हरवत होती. डीपीतून जेवढी निघायची तेवढी त्या गल्लीतल्या मीटरांच्या बेरजेत येत नव्हती.

"तारेत जिरते ती," गॉर्डन म्हणाला.

"तारेत जिरली तर थंडी-वाऱ्याप्रमाणे कमीजास्त होईल. ही दिवसरात्र सारखी आहे."

"मग कोणी तळघरात गांजा लावलाय."

"गांजाचे दिवे रात्री बंद करतात."

"तुला कसं ठाऊक?"

"गेल्या वर्षी एकाला फोन केला होता," मार्लिस म्हणाली.

तिला चैन पडेना. रकमेचं काही नव्हतं, चार दमड्यांची वीज. पण अशी कोणती वस्तू आहे जी निजत नाही, थांबत नाही, घाईतही येत नाही? फ्रिज मधूनमधून थांबतो. टीव्ही माणसाबरोबर झोपतो. शुक्रवारी सकाळी, हवामानखात्याने बर्फाळ पावसाचा इशारा दिला होता त्या दिवशी, तिने कॉफी घेतली आणि सगळ्या जुन्या जोडण्या पुन्हा ताडायला बसली. या डीपीवर पूर्वी कोण होतं आणि आता कोण नाही? नाव एकच निघालं, आणि ते फ्रीझरमध्ये होतं.

नोंदीत मीटरचा नंबरही होता. खोट्या माणसाला मीटर कशाला असेल?

मग तिची नजर ठिपक्यावर गेली. न थांबणारी ती वस्तू काय होती ते तिला आता कळलं होतं. तिने कोट घेतला, गॉर्डनला काही सांगितलंही नाही.

एक नंबरचं घर लहान, पांढरं, पायऱ्यांवरचं बर्फ नीट झाडलेलं. दार उघडलं ते एका वाळकुड्या म्हातारीने. नाकाला पारदर्शक नळी, नळीचा लांबलचक शेपटा मागे घरात गेलेला, आणि आतून मशीनचा संथ फुसफुस आवाज.

"मिसेस सॅम्पल?" मार्लिसने विचारलं. "एक्झा सॅम्पल?"

"हो गं. तू त्या वीज ऑफिसातली ना? आत ये, थंडी आत येतेय. कॉफी घेशील?"

"नको, कामावर आहे."

"थोडीशी?"

"खरंच नको."

"केलेलीच आहे."

"मग अर्धा कप," मार्लिस म्हणाली, कारण तिथे तिसऱ्यांदा नाही म्हणायची पद्धत नाही.

ती खाली बसली आणि तिने सरळ सांगून टाकलं. तुमचं नाव मला खोटं वाटलं, मी तुम्हाला यादीतून काढलं, उद्या वीज गेली असती तर इकडे कोणी आलं नसतं. सांगताना तिला रडूच आलं.

एक्झाबाईंनी तिच्यापुढे खजुराच्या वड्यांची बशी सरकवली. "अगं, तू काही पहिली नाहीस. औषधांच्या दुकानाने मला दोनदा काढलंय. वाहन परवान्याचा तो पोरगा म्हणाला, 'आजी, नमुन्याचा फॉर्म नको, खरा भरा.' फायदाही आहे म्हणा. जाहिरातींची पत्रं मला येत नाहीत."

"पण नाव हे असं..."

"एक्झा ही माझी आजी. सॅम्पल हा माझा नवरा, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. आणि आम्ही भावंडं जन्मलो शेतावर. बापाला तारखा लक्षात राहिनात, त्याने सगळ्यांना एक जानेवारी लावून टाकली." आपल्याकडे मास्तरांनी निम्म्या गावाला एक जून वाटला, त्यातलाच हा प्रकार.

"बिल आलं नाही तेव्हा फोन का नाही केलात?"

"केला होता. तुमच्या फोनवरचं मशीन म्हणालं, अशी सभासद नाही." त्यांनी नळी जरा सारखी केली. "म्हटलं असेल बाई. तुम्ही आधीच कामात असता, उगाच कुणाला त्रास कशाला?"

हे वाक्य मार्लिसने आयुष्यभर ऐकलं होतं, स्वतःही हजारदा म्हटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्याचा राग आला.

"वीज गेली तर किती वेळ निघेल?"

"सिलिंडर आहे एक. अर्धा दिवस जाईल. जपून घेतले श्वास तर जास्त."

"जपून वगैरे काही घेऊ नका!" मार्लिस ओरडलीच.

ऑफिसात येऊन तिने फ्रीझरमधली नोंद काढली आणि नव्या यादीत टाकली. सॉफ्टवेअरने घेतली नाही. 'हे नाव चाचणीसाठी राखीव आहे.' तिने किंबर्लीला फोन लावला.

"ओह, तो आमचा नियम आहे," किंबर्ली म्हणाली. "सॅम्पल, टेस्ट, डमी, सगळे बंद. सोमवारी उघडून देते. तोवर स्पेलिंग जरा बदलून टाका ना."

स्पेलिंग बदललं तर ती नवी सभासद झाली, आणि नव्या सभासदाच्या ठिपक्याची डॉक्टरकडून खातरजमा होईपर्यंत तो लागत नव्हता. म्हणजे पुन्हा सोमवारच. खिडकीवर एव्हाना पावसाचे थेंब पडत होते आणि पडल्या जागी गोठत होते.

"आपल्या पोरांना तोंडी सांगून ठेवू," गॉर्डन म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता.

"आपली पोरं जंगलातल्या लाइनवर जाणार. गावात शेजारच्या डाकोटा राज्यातल्या संस्थेची माणसं मदतीला येतील. त्यांच्या हातात यादी असेल, बाकी काही नाही. तोंडी निरोप विसरतात माणसं."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःची नोंद उघडली. तिथे अर्ध्या गावाची तळ्याकाठी एकेक झोपडी असते, म्हणून सॉफ्टवेअर आपण होऊन विचारतं, 'दुसरं घर आहे का?' मार्लिसने 'हो' केलं. पत्ता, एक नंबर, फर्स्ट अव्हेन्यू. ठिपका? जुन्या सभासदाला ठिपका लावायचा अधिकार तिचाच होता. लावला.

गॉर्डनने खांद्यावरून वाकून वाचलं. "मार्लिस, तू खोटी नोंद करतेयस. तू!"

"सोमवारपर्यंत," ती म्हणाली. "मग हवं तर मला फ्रीझरमध्ये टाक."

शनिवारी सकाळी बर्फाच्या वजनाने तारा तुटल्या आणि निम्मं गाव अंधारलं. मार्लिस ऑफिसात फोनवर बसली होती. तिने पहिला फोन एक्झाबाईंना केला. त्यांचा जुना फोन भिंतीतल्या तारेवर चालायचा, विजेवर नाही.

"सिलिंडर लावला का?"

"लावला. तू इतरांचं बघ गं, माझं काय..."

"तुमचंच बघतेय. आणि ऐका, कोणी येऊन मार्लिस कँगस इथेच राहतात का विचारलं तर हो म्हणा. यादीत माझं नाव आहे. बाकी काही बोलू नका."

"खोटं बोलू?"

"आजच्या दिवस."

"बरं," एक्झाबाई म्हणाल्या.

दुपार होत आली. फोन थांबत नव्हते. ऊब गेली, पंप बंद पडला, मासे वितळतायत. मार्लिस प्रत्येकाला उत्तर देत होती आणि तिचं सगळं लक्ष फर्स्ट अव्हेन्यूच्या त्या एका डीपीच्या आकड्यावर होतं. शून्य. शून्य. शून्य. जेवण तिने तसंच ठेवलं. सिलिंडरचा हिशेब ती मनात करायची आणि अर्ध्यात सोडून द्यायची.

मग शून्य हललं.

ती उभीच राहिली. सगळी गल्ली एकदम उजळली होती. पाच मिनिटांत फोन वाजला, नंबर एक्झाबाईंचा, आवाज एका अनोळखी माणसाचा, डाकोटाकडचा, दमलेला.

"वीज ऑफिस का? मी लाइनमन बोलतोय. वीज दिली, मशीन चालू झालंय, बाई ठीक आहेत. पण माझ्या यादीत इथे मार्लिस कँगस आहे. कागदावर सही हवी आणि या बाई सही करत नाहीत."

"का?" मार्लिसचा जीव भांड्यात पडता पडता राहिला.

"म्हणतात की त्या मार्लिस नाहीत."

मागून एक्झाबाईंचा आवाज आला. एवढा चढलेला आवाज त्या घरात कधी निघाला नसावा. अधूनमधून धाप लागत होती तरी त्या थांबत नव्हत्या. "त्रास होत असेल तर होऊ दे, आज मी देतेय! यादी चुकलीय. मार्लिस तिकडे ऑफिसात आहे. इथे मी राहते. त्या कँगसवर काट मार आणि माझं लिही."

"काय लिहू, बाई?" लाइनमनने तिकडेच विचारलं.

"सॅम्पल! एक्झा एम. सॅम्पल!"

लाइनमन फोनवर आला आणि त्याने आवाज खाली आणला. "ताई, हे खरंच नाव आहे? का म्हातारीला ऑक्सिजन कमी पडलाय?"

मार्लिसने तळहाताने डोळे पुसले.

"खरं आहे," ती म्हणाली. "पेनने लिहा."

"आणि एम म्हणजे मॉड!" मागून एक्झाबाई ओरडल्या. "तेही पूर्ण लिही!"